सर, त्या 63 सेंटिमीटरबद्दल

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मी आले होते, पण बोलले नाही. स्टेजवरच्या प्रत्येकाने तुम्हाला 'खेळाडू घडवणारे क्रीडा संचालक' म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणत होते, मला तर यांनी एक दिवसही धावायला शिकवलं नाही. ते आमच्या कॉलेजच्या मॅडमनी केलं, पहाटे पाचला मैदानावर येऊन. तुम्ही केली ती कागदपत्रं. त्यासाठी कुणी शाल-श्रीफळ देत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आमचं घर नंदुरबारजवळ. आई मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. माझी सगळी प्रमाणपत्रं ती मिरचीच्या रिकाम्या पोत्याखाली ठेवायची, त्यामुळे फाइल उघडली की आधी ठसका लागायचा. तुम्हालाही लागला होता. आठवतं?

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत 400 मीटरला पहिली आले, विद्यापीठाच्या संघात नाव लागलं, आणि घोडं पात्रतेच्या फॉर्मवर अडलं. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव एक, कॉलेजात लागलेलं दुसरं. घरचं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं, हे आमच्याकडे घरोघरी. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत वय, प्रवेश, नाव सगळं कागदावर जुळावं लागतं. कॉलेजच्या ऑफिसात 'बघू' म्हणून फॉर्म खणात गेला तो दोन आठवडे तिथेच. शेवटी मी एकटीच पॅसेंजरने जळगावला आले आणि गिरणेचा पूल ओलांडून विद्यापीठात पोचले. रडले नव्हते, पण रडण्याच्या बेतात होते.

तुम्ही फाइल उघडली, शिंकलात, आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?" मग शाळेच्या हेडमास्तरांना फोन. जनरल रजिस्टरचा उतारा हवा होता. ते म्हणाले, पोस्टाने पाठवतो. तुम्ही म्हणालात, "पोस्टाने आला तर पोरगी पुढच्या वर्षी पळेल." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः नंदुरबारला आलात, उतारा घेतलात, कॉलेजातून सही-शिक्का घेतलात आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलात. आमच्या घरी चहालाही थांबला नाहीत. आई अजून तेवढ्यावर रुसून आहे.

तुमच्या सुरुवातीच्या काळातले खेळाडू निवृत्तीच्या कार्यक्रमात माझ्या शेजारीच बसले होते. त्यांच्याकडून कळलं, की 1990 मध्ये आपलं विद्यापीठ होईपर्यंत इथली कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. म्हणजे तळोद्याच्या किंवा साक्रीच्या पोराला विद्यापीठाचा टी-शर्ट हवा असेल तर पुणे, नाशिक, नगरच्या पोरांना मागे टाकायचं, तेही तिकडे जाण्याचं भाडं खिशात असेल तर. वेगळं विद्यापीठ झालं तशी संघाची दारं इकडे उघडली. पण दारातून आत आणायला कुणीतरी लागतंच. आंतरविद्यापीठ खेळांत सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाचा मौलाना आझाद करंडक वर्षानुवर्षं पंजाबकडच्या विद्यापीठांकडे जातो, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी दर हिवाळ्यात तुम्ही संघ घेऊन निघायचात.

आमच्या संघाची रिझर्व्हेशन अर्धीच कन्फर्म झाली होती. मुलींना बर्थ देऊन तुम्ही दाराजवळ वर्तमानपत्र अंथरलंत आणि मोठं स्टेशन आलं की उठून आम्हाला मोजत होतात. अर्धवट झोपेत मला तुमचा आवाज ऐकू यायचा, "अकरा, बारा... तेरावी कुठे?" तेरावी वरच्या बर्थवर शेवचिवडा खात होती. सकाळी दैनिक भत्त्याची पाकिटं, एकेकीची व्हाउचरवर सही, पेन दोरीने वहीला बांधलेलं. ट्रॅकसूट मात्र शिवणाऱ्याच्या कृपेने स्पर्धा संपल्यावर मिळाले, सगळे एकाच मापाचे. मला त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

पण खरी गोष्ट त्याआधीची, सर. जाण्यापूर्वीचं सराव शिबिर. पहाटे तुम्ही फक्कीची गोणी आणि स्टीलचा टेप घेऊन ट्रॅक आखत होतात. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. बाहेरच्या लेनचं वळण लांब पडतं, म्हणून तिथली सुरुवात पुढून आखतात. मदतीला आलेले एक सर म्हणाले, दुसऱ्या लेनला 7.04 मीटर पुढे खूण करा, सगळीकडे तेच असतं. तुम्ही खिशातली डायरी काढलीत. "ते उंच कड असलेल्या ट्रॅकला. तिथे पहिल्या लेनचं माप कडेपासून 30 सेंटिमीटरवर धरतात. इथे कड कुठेय? फक्कीची रेघ आहे. मग सगळ्याच लेनचं माप रेघेपासून 20 सेंटिमीटरवर. 1.22 मीटरची लेन, एक फेरी, 7.67 मीटर येतात. 7.04 वर खूण केली तर बिचारी दुसऱ्या लेनमधली 63 सेंटिमीटर फुकट पळेल." आणि खिळा उपटून पुढे ठोकलात. नुसतं शिबिर होतं ते. वेळ कुठे नोंदवली जाणार नव्हती.

तिकडे सिंथेटिक ट्रॅकवर माझ्या वाट्याला दुसरीच लेन आली. शेवटच्या वळणावर पाय शिशाचे झाले, तेव्हा कठड्यापलीकडून तुमची अहिराणी ऐकू आली, "मांगे देखू नको माय, पय!" मी पळाले. हीटमध्ये सहावी आले. फायनल लांबच राहिली, पण माझी तोवरची सगळ्यात चांगली वेळ होती ती, आणि तुम्ही ती डायरीत लिहून घेतलीत, पदक मिळाल्यासारखी.

पुढे बी.पी.एड. केलं. आता एका शाळेत खेळ शिकवते. आमचं मैदान लहान, जेमतेम 200 मीटरचा ट्रॅक बसतो. परवा पोरींना 400 लेनमधून पळवायचं होतं. दुसऱ्या लेनचं माप काढताना दोन फेऱ्या आहेत हे आधी विसरलेच, मग 15.33 वर खिळा ठोकला. टेप धरणारी सातवीतली पोरगी म्हणाली, "मॅडम, एवढं मोजून काय होणार?" मी तिला डायरी दाखवली. तुमच्यासारखीच आहे, फक्त कव्हर फाटलेलं.

एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेचे सामने आहेत. फक्की आणून ठेवलीय, टेप नवा घेतलाय. आदल्या पहाटे याल का? दुसरं टोक मीच धरेन. आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय आई सोडणार नाही.

आपली,
400 मीटर, दुसरी लेन