मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मताची खुर्ची द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका पालकांचं पत्र आलं होतं, मुलगी मानसशास्त्रात एमए करतेय आणि अभ्यास सोडून कसल्यातरी विद्यार्थी संघटनेच्या मागे लागलीये, कुणीतरी तिला समजवा. आईने त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझीच आठवण आली." म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी मूळची कराडची, एमए पुण्यात केलं आणि 2016 ला पीएचडीसाठी अमेरिकेत आले. निघताना बाबांनी एवढंच सांगितलं होतं की तिकडे पुढारीपणा करू नकोस, डिग्री घे आणि मोकळी हो. त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या पिढीने कॉलेजच्या निवडणुकांतली मारामारी डोळ्यांनी बघितलीये, 1994 च्या कायद्याने महाराष्ट्रात त्या थेट निवडणुका बंद झाल्या, आणि 2016 च्या कायद्यात परत घ्यायची तरतूद आली तरी घरोघरी विद्यार्थी नेता म्हणलं की डोळ्यासमोर तेच चित्र येतं. पण मी इथे जे बघितलं ते फार वेगळं होतं आणि तेच मला त्या काकांना सांगायचंय.

इथे मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना आहे, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, 1892 पासूनची. तिच्यातच पदव्युत्तर विद्यार्थ्यांची वेगळी संघटना आहे, आम्ही तिला अ‍ॅपॅग्स म्हणतो. स्कॉट मेश आणि डेव्हिड पिलॉन हे दोघं तेव्हा स्वतः विद्यार्थी होते, त्यांनी पाठपुरावा केला आणि 1988 मध्ये ती उभी राहिली. म्हणजे बघा, मोठ्यांच्या संघटनेला जवळजवळ शंभर वर्षं झाली होती तेव्हा कुठे विद्यार्थ्यांना स्वतःचं घर मिळालं! तिची समिती विद्यार्थ्यांचीच असते, निवडून आलेली, अध्यक्षसुद्धा कुठल्यातरी युनिव्हर्सिटीत थिसिस लिहीत असलेली मुलगी नाहीतर मुलगा.

याची गरज काय ते इंटर्नशिपवरून कळतं. इथे क्लिनिकल किंवा काउन्सेलिंगमध्ये पीएचडी करायची तर शेवटी एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप लागतेच, त्याशिवाय डिग्री नाही. तुम्ही देशभर अर्ज करायचे, मुलाखती द्यायच्या, मग तुमची पसंतीची यादी आणि हॉस्पिटलांची यादी कॉम्प्युटर जुळवतो आणि फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी ईमेल येतो. माझ्याबरोबर राहणारी सीनियर त्या दिवशी पाच वाजल्यापासून किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसली होती, चहा केला तो तसाच साय धरून गार झाला, ईमेल आला, तिने वाचला आणि हळूच लॅपटॉप मिटला. पाच वर्षं उत्तम काम केलेली मुलगी, आणि पहिल्या फेरीत जागा नाही. ती काही बोललीच नाही, उठून भांडी घासायला लागली.

तिच्या आधीच्या मुलांचं तर याहून वाईट होतं. 2012 साली पहिल्या फेरीत हजाराच्या वर विद्यार्थ्यांना जागाच मिळाली नव्हती, कारण कॉलेजं मुलं घेत गेली आणि इंटर्नशिपच्या जागा त्या मानाने वाढल्याच नाहीत. प्रत्येकाला वाटायचं आपलंच काहीतरी कमी पडलं. तो हिशेब वर्षानुवर्षं मोठ्यांच्या टेबलावर मांडत राहण्यात विद्यार्थी संघटनेचा मोठा वाटा होता, आणि त्याच 2012 मध्ये असोसिएशनच्या कौन्सिलने नवीन मान्यताप्राप्त जागा उभ्या करायला तीस लाख डॉलरपर्यंतचा निधी मंजूर केला. पुढच्या काही वर्षांत जागांचं आणि अर्जांचं गणित बरंचसं जुळत आलं. एकेकटी मुलं रडत बसली असती तर हे झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः काही मोठ्या पदावर नव्हते. डिपार्टमेंटमध्ये अ‍ॅपॅग्सचा एक कॅम्पस प्रतिनिधी असतो, ते काम दोन वर्षं केलं. आम्हा परदेशी मुलांची वेगळीच अडचण होती, इथल्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांत इंटर्नशिपच्या भरपूर जागा असतात पण तिथे अमेरिकन नागरिकत्वच लागतं, म्हणजे तो दरवाजा आम्हाला बंद. बाकीच्या ठिकाणी कागदावर चालतं म्हणतात पण फोन केला की एचआरच्या बाईंना विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी म्हणजे काय हेच माहिती नसतं. मग आम्ही चौघं, मी, एक कोरियन, एक तुर्की आणि एक नेपाळी मुलगा, शनिवारी लायब्ररीत बसून एक शीट बनवली, ठिकाण, गाव, पगार, व्हिसा चालतो का, आणि शेवटचा कॉलम "कुणाशी बोललो आणि काय म्हणाले". फोन करून करून घसा बसला. ती शीट आज मी तिथे नसतानाही दर ऑक्टोबरमध्ये कुणीतरी उघडतं, नवीन ओळी टाकतं. मला विचाराल तर माझ्या थिसिसपेक्षा त्या शीटचा उपयोग जास्त लोकांना झालाय.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर मीटिंग वेळेत संपवणं, इतिवृत्त लिहिणं, न पटणाऱ्या प्रोफेसरांशी आवाज न चढवता बोलणं, हे सगळं मी तिथेच शिकले. आमच्या विषयात समोरच्याचं ऐकून घ्यायला फार छान शिकवतात, पण ऐकलेलं जिथे निर्णय होतो तिथपर्यंत कसं न्यायचं ते वर्गात कुणी शिकवत नाही.

आता आपल्याकडचं. माझी मामेबहीण पुण्यात आहे, तिला एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी करायचं होतं. 2022 च्या नियमांत यूजीसीने एमफिल बंद केलं, डिसेंबर 2023 मध्ये विद्यार्थ्यांना अ‍ॅडमिशन घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कला 2025-26 पर्यंत मुदत दिली. ते काही आठवडे या मुलींनी कसे काढले असतील! तिचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुणीतरी कुठलातरी पीडीएफ टाकायचं, हा खरा का तो खरा, कोचिंग क्लासवाले एक सांगायचे, सीनियर दुसरंच. विचारायला हक्काची जागा नाही. ज्यांच्या अ‍ॅडमिशन झाल्या ते ग्रुप सोडून गेले आणि पुढच्या बॅचने परत शून्यापासून नवीन ग्रुप काढला.

हीच खरी अडचण आहे, विद्यार्थी टिकत नाही. दोन वर्षांत जो तो आपल्या वाटेने जातो आणि त्याला जे कळलं ते त्याच्याबरोबर जातं. अ‍ॅपॅग्समध्ये यावर साधा उपाय आहे, निवडून आलेला माणूस पहिलं वर्ष भावी अध्यक्ष, दुसरं वर्ष अध्यक्ष आणि तिसरं वर्ष माजी अध्यक्ष म्हणून समितीत राहतो, म्हणजे कायम तीन पिढ्या एका टेबलावर. ग्रुप अ‍ॅडमिनला हे जमणार नाही, त्याला मागे मोठी संघटना, थोडे पैसे आणि एक ऑफिस लागतं.

आपल्याकडे संघटना नाहीत असं नाही. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स 1968 पासून आहे, नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी 1989 पासून, महाराष्ट्रातही प्राध्यापकांच्या परिषदा भरतात. त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, विद्यार्थ्यांना परिषदेत पाणी द्यायला आणि रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसवायला घेऊ नका, कार्यकारिणीत निवडून आलेल्या विद्यार्थ्याची खुर्ची ठेवा आणि त्या खुर्चीला मतदानाचा हक्क द्या. आता 2021 च्या नव्या आरोग्य व्यवसाय कायद्यात मानसशास्त्रज्ञही आलेत, त्याचे नियम, अभ्यासक्रम, नोंदणी या सगळ्यावर पुढची काही वर्षं ठरवाठरवी होणार, आणि ज्यांचं आयुष्य त्यावर ठरणार ती मुलं आज एमएच्या वर्गात बसलीयेत. सुरुवात विद्यापीठाच्या एका डिपार्टमेंटपासूनही होईल, वर्गागणिक एक प्रतिनिधी आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला सहा महिने बरोबर घेऊन शिकवायचं, इतकं तरी.

काका, तुमच्या मुलीच्या मार्कांकडे जरूर लक्ष ठेवा, पण ती संघटनेत नेमकं काय करते ते एकदा जेवताना तिला विचारा, पूर्ण सांगू द्या. माझ्या बाबांनी ती शीट चार वर्षांनी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला की यातल्या किती जणांना जागा मिळाली. मला मोजून सांगायला फार आवडलं.

माझा ईमेल तुमच्या ऑफिसला देऊन ठेवतेय. त्या मुलीला हवा असेल तर जरूर द्या, तिने कधीही लिहावं.

आपली एक वाचक,
मूळ गाव कराड, सध्या अमेरिका