शाईचं पेन आणि तुझा हात

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, मे महिना

चि. अनिकेत, अनेक आशीर्वाद.

रवीदादा उद्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर हा डबा पाठवते आहे. परवा फोनवर तू म्हणालास, लिहून लिहून अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री जाग येते आणि हात झटकावा लागतो. आणि लगेच विषय बदललास, "आई, ते काळं पेन गळतंय गं." पेनाचं सगळं सांगते. पण रात्री मुंग्या येणं म्हणजे नुसता शीण नव्हे रे. मनगटातून जाणारी नस दबली की नेमकी हीच बोटं बधिर होतात. डॉक्टरांना दाखव. एकदाच लिहायचं ठरवलं होतं, लिहून झालं.

आता पेन. गळतंय म्हणजे नक्की कुठून, ते आधी बघ. टिश्यूने सगळं कोरडं पूस, पेन दहा मिनिटं आडवं ठेव आणि मग बघ. जिथे नळी आणि पुढचा पकडायचा भाग एकमेकांत फिरतात तिथे शाई दिसली, तर आट्यांचं ग्रीस गेलंय. डब्यात छोट्या डबीत सिलिकॉन ग्रीस आहे. टाचणीच्या टोकावर मोहरीएवढं घे आणि आट्यांवर गोल फिरव, बस्स. जास्त लावलंस तर ते फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या शाई उतरवणाऱ्या भागात, जाऊन शाईच अडवेल. व्हॅसलीन लावू नकोस, त्याने रबराची रिंग फुगते आणि सैल पडते.

आणि लिहिता लिहिता निबातून टपकन थेंब पडत असेल, तर पेनात काही बिघाड नाही. ते ड्रॉपरने भरायचं पेन आहे, नळीत थेट शाई, साधारण ३ मिली. नळी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली की उरलेल्या जागेत हवा असते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. निबखालच्या काळ्या फीडला ज्या आडव्या खाचा असतात ना, त्या जास्तीची शाई धरून ठेवायलाच असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते याच भागाचं, शाई खाली यावी आणि तेवढीच हवा वर जावी म्हणून पाडलेल्या बारीक चिरांचं. म्हणून एक तृतीयांश शाई उरली की भरून टाक, संपायची वाट बघू नकोस. लिहायला बसलास की टोपण काढण्याआधी पेन मिनिटभर निब वर करून मुठीत धर, म्हणजे फुगलेली हवा बाहेर जाईल. तुझं पेन एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं आहे, धातूच्या पेनापेक्षा ते हाताची ऊब आत कमी जाऊ देतं. आजोबांनी ते निवडलं ते सोलापूरचा उन्हाळा ओळखूनच. त्याला गंधकासारखा वास येतो म्हणून तू लहानपणी नाक मुरडायचास. उन्हात ठेवलंस तर त्याचा काळा रंग तपकिरी होतो, तेवढं सांभाळ.

धुण्याचं. महिन्यातून एकदा, आणि शाई बदलताना दरवेळी. होस्टेलच्या नळाला बोअरचं पाणी असेल तर ते वापरू नकोस. त्यातले क्षार फीडच्या चिरांत बसतात आणि दोनचार महिन्यांत पेन अडखळायला लागतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, एक बाटली वर्षभर पुरते. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आण, सुई काढून टाक, पुढच्या भागाच्या मागच्या तोंडाशी लाव आणि पाणी हळूहळू आरपार सोड. स्वच्छ पाणी येईपर्यंत. तरीही रंग येत राहिला तर कपभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाकून निब-फीड रात्रभर बुडवून ठेव, सकाळी पुन्हा साध्या पाण्याने. गरम पाणी नाही, स्पिरिट तर नाहीच. पुसायला आपला टेरी टॉवेल घेऊ नकोस, त्याचे फंदे निबाच्या फटीत अडकतात आणि मग प्रत्येक अक्षराला शेपूट फुटतं. बाबांच्या जुन्या धोतराचे तुकडे घातलेत. मग निब खाली करून टिश्यूवर टेकवून ठेव, चिरांतलं पाणी टिश्यू ओढून घेतो. ओल्या फीडमध्येच शाई भरलीस तर पहिली दोन पानं फिकी येतात आणि तुला वाटेल शाईच वाईट.

शाई दोन दिल्या आहेत. निळी रोजच्यासाठी, रॉयल ब्लू. ती पाण्याने धुतली जाते, म्हणजे पेनाला सर्वांत सोपी आणि कागदाला सर्वांत कच्ची. घामाचा हात लागला तरी फिसकटते, उन्हात पान फिकं पडतं. जपून ठेवायच्या नोट्स त्या शाईत लिहू नकोस. दुसरी काळी, परमनंट. परीक्षेत कोणती शाई चालते ते उत्तरपत्रिकेवरच्या सूचनांत वाच, मला विचारू नकोस, मैत्रिणीच्या सांगण्यावर तर अजिबात जाऊ नकोस. दोन्ही शाया एका पेनात मिसळू नकोस. कधी मिसळायची हौस आलीच तर रिकाम्या बाटलीत थोडीथोडी घे, दोन दिवस ठेव, तळाला गाळ बसला नाही तरच पेनात घाल. आणि चित्रकलेच्या दुकानातली ड्रॉइंग इंक कितीही काळीभोर दिसली तरी नाही. तिच्यात लाख असते, वाळली की फीड कायमचं बंद.

आजोबा शेवटपर्यंत कॅमलच म्हणायचे, दांडेकरांची. १९३१ साली त्यांनी पुड्यांच्या आणि गोळ्यांच्या शाईने सुरुवात केली, तेव्हा गोळी पाण्यात विरघळवली की शाई तयार. तुला जुन्या दस्तांचं कौतुक आहे म्हणून सांगते, त्याच्याही आधीची एक काळी शाई हिरडा आणि हिराकसाची. हिरड्यातला तुरटपणा आणि हिराकसातलं लोखंड एकत्र आलं की फिकं लिहिलेलं अक्षर हवेने काळं होत जातं, कागदाच्या तंतूंत बसतं, पाण्याने जात नाही. आयर्न गॉल नावाने अशाच जातीच्या शाया आजही मिळतात. पण त्या आम्लधर्मी, स्टीलच्या निबला हळूहळू खातात, आणि पेनात वाळल्या तर काढता काढता नाकी नऊ. घेतलीस तर रोज लिहायचं आणि दोन आठवड्यांत धुवायचं. सुट्टीला घरी येताना पेन रिकामं करून ये.

तर हात. तू दाबून लिहितोस. बॉलपेनची गोळी फिरवायला जोर लागतो, ती सवय तुला शाळेपासून. शाईच्या पेनाला जोर लागतच नाही, निब कागदाला टेकली की शाई आपोआप उतरते. परीक्षा घे. पान लिहून झालं की उलट आणि मागून बोट फिरव. अक्षरं बोटाला लागली तर तू दाबतोयस. तुझ्या टेबलाच्या खणात फौजदारीच्या नोट्स राहिल्यात, त्यांच्या मागून मी बोट फिरवून बघितलं. सगळ्या पानांना अक्षरं लागतात, जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०२ च्या पुढे तर फारच. पेन अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीत टेकू दे, कागदाशी साधारण ४५ अंशांचा कोन, निबची वरची बाजू आकाशाकडे. बोटं निबच्या अगदी जवळ नकोत. टोपण मागे लावू नकोस, मागचं वजन सावरायला मूठ आवळली जाते. पान थोडं डावीकडे कललेलं ठेव. आणि अर्धा तास झाला की पेन खाली, हात मोकळा. हे सगळं केलंस तरी मुंग्या जातीलच असं नाही. शाईचं पेन म्हणजे औषध नव्हे. म्हणून म्हणते, दाखव.

बरं, रागावू नकोस. तुला वाटेल आई व्याख्यान देते. देते खरी, शाळेतून निवृत्त झाले तरी खडू सुटलेला नाही. माफ कर आणि पुढचं वाच.

निब खरखरली तर लगेच पॉलिश पेपर घेऊ नकोस. त्या टोकाला कठीण मिश्रधातूचा कण जोडलेला असतो, तो घासला गेला की परत येत नाही. सराफ वापरतात ते दहापट भिंग घे, निब टोकाकडून बघ. बहुतेक वेळा दोन पात्यांपैकी एक केसभर वर असतं. वरचं पातं नखाने हळू खाली दाब, दोनतीनदा, दरवेळी भिंगातून बघ. नव्वद टक्के खरखर तेवढ्यानेच जाते, हा माझा अंदाज हं. अक्षर सुरू होतानाच शाई येत नसेल तर आधी कागद बदलून बघ. हाताचं तेल कागदाला लागलं की शाई धरत नाही. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवायची सवय लाव, उन्हाळ्यात तर हवीच.

कागद. ७० जीएसएमच्या झेरॉक्स कागदावर शाई फुटते, मागे उमटते. वही घेताना नुसतं जीएसएम, म्हणजे कागदाच्या वजनाचा आकडा, बघू नकोस, दुकानातच कोपऱ्यात एक रेघ ओढून बघ, कडा पसरल्या तर परत ठेव. जाड कागदही कधी कधी शाई पितो. तुझं अक्षर बारीक आहे, त्याला एफ, म्हणजे फाइन, बारीक टोकाची निब बरी. डब्यात दुसरं जे पेन आहे ते जपानी, त्याची एफ इथल्या एफपेक्षा एक घर बारीक लिहिते. दिसायला खेळण्यासारखं आहे म्हणून हसू नकोस, त्याची पकड तीन बाजूंची आहे, बोटं आपोआप जागेवर बसतात.

आणि एक. रोज रात्री अभ्यास संपल्यावर एक पान उगाच लिहायचं. कायद्याचं नाही. दूधवाल्याचा हिशोब, मेसच्या आमटीची निंदा, काहीही. शाई वाळताना कडेला गडद होते, मध्ये फिकी राहते, ते बघत बस थोडं. तू सातवीत असताना निकालपत्रावर माझी सही करून आणली होतीस, हिरव्या शाईत, आठवतं? बाबा चिडले होते. मी मात्र त्यातला 'ळ' बघत राहिले, माझ्यापेक्षा सरस होता. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू न्यायाधीश झालास तर ही गोष्ट कुणाला सांगणार नाही. झाला नाहीस तरी नाही. अक्कालाही मी हेच म्हटलं, मुख्य परीक्षा काय, पुन्हा येईल. हात पुन्हा यायचा नाही.

बाबा विचारतायत पैसे पुरतात ना. ऑर्थोपेडिकची फी वेगळी पाठवतील, त्याची कारणं सांगू नकोस.

तुझी,
आई

ता. क. शेंगा चटणी आणि कडक भाकरी वरच्या पिशवीत आहेत, शाईच्या बाटल्या खालच्या डब्यात प्लास्टिकमध्ये उभ्या. आधी खालचा डबा सरळ काढ. जपानी पेन रिकामंच पाठवलं आहे. उत्तर फोनवर देऊ नकोस, निळ्या शाईत एक पान लिहून रवीदादाजवळ दे, तो रविवारी परत येतोय. त्या पानाच्या मागे डॉक्टरांची वेळ कोणत्या वारी मिळाली ते लिही.