पाण्याला बाहेरची वाट ठेवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारगाड्या चालत्या ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र. आमचे डायनमो, वायपर मोटरी आणि हेडलॅम्प तुम्ही पुन्हा उभे केलेत, आणि प्रत्येक वस्तू उघडताना ती का बिघडली तेही दाखवलंत. ते इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून पत्र सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं बंद झालं त्याला दोन दशकांहून जास्त काळ लोटला. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. रस्त्यावर टॅक्सी होत्या तोवर भंगारातून पार्ट मिळत. आता गाडीत आहे तोच पार्ट जपायचा. म्हणून तुमच्या हाताची किंमत आम्हाला फार वाटते.

गाडीची वीज बनवणाऱ्या डायनमोपासूनच सुरुवात करतो. कम्युटेटर, म्हणजे त्याच्या फिरत्या दांड्यावरची तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी, साफ करायला पॉलिश पेपर (एमरी) घेऊ नका, काच पेपरच घ्या, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. पॉलिश पेपरचे कठीण कण तांब्यात रुतून बसतात आणि त्यावर टेकणारे कार्बनचे ठोकळे (कार्बन) झिजवत राहतात. तांबं झिजलं की पट्ट्यांमधला माइका (वीज अडवणारं अभ्रक) वर येतो, कार्बन त्यावर उडतात आणि ठिणग्या पडतात. त्यासाठी हॅक्सॉ ब्लेडच्या बाजू माइकाच्या जाडीइतक्या घासून तो सुमारे 0.8 मिमी खोल कोरायचा, खाच चौकोनी ठेवायची आणि तांब्याची कोर हलकेच मारायची. खाचेत तांब्याचा कीस राहिला तर शेजारच्या दोन पट्ट्या शॉर्ट होतात, त्यामुळे ब्रशने झाडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आर्मेचर, म्हणजे डायनमोचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, धुऊन लगेच वार्निश मारायची घाई बऱ्याच ठिकाणी होते. तुम्ही आधी ते 80 अंशांच्या आसपास काही तास सुकवता, मग कम्युटेटरला टेप गुंडाळून इन्सुलेटिंग वार्निशचे दोन पातळ हात देता. एकच जाड हात दिला तर वरची साय सुकते आणि ओल आत कोंडते. दांडा ज्यात फिरतो तो मागचा सच्छिद्र पितळी बुश बसवण्याआधी 24 तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा आणि बसवल्यावर रीमर (भोक घासून मोठं करणारं हत्यार) फिरवायचा नाही, कारण रीमरने छिद्रं बुजतात आणि तेल झिरपत नाही. शेवटची परीक्षा बाकावरच: डायनमोची दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडून बॅटरीच्या एका टोकाला आणि डायनमोचं अंग दुसऱ्या टोकाला लावलं की तो मोटरसारखा सावकाश, एका लयीत फिरला पाहिजे. अडखळला तर गाडीत चढवायचाच नाही.

सगळ्यात जास्त आभार मात्र सीलिंगच्या धड्याचे. वायपर मोटर उघडली की आत मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस आणि गंजाची पूड दिसते. पहिला विचार येतो की चहूबाजूंनी सिलिकॉन भरून पाणी बंद करून टाकावं. तुम्ही हात धरलात. मोटर चालताना तापते, आतली हवा बाहेर जाते; थांबून गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. सगळं बुजवलं तर तीच ओल आत पाणी होऊन साचते. म्हणून वरच्या सांध्याला 0.5 मिमी कागदी गॅस्केट, तार आत जाते तिथे नवी रबरी कडी (ग्रोमेट), आणि गाडीत बसवल्यावर सर्वांत खाली येणारं भोक उघडंच. ते भोक मातीने बुजलंय का, हे आम्ही आता प्रत्येक पावसाळ्याआधी तारेने तपासतो.

सिलिकॉन कुठलं, हेही तुमच्यामुळे कळलं. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते मोटरीजवळ नकोच. त्यातलं आम्ल तांबं-पितळ हिरवं करतं. सुकताना आम्ल न सोडणारं, ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं वापरायचं, तेही बाहेरच्या बाजूला, बारीक रेषेइतकं, आणि पूर्ण सुकेपर्यंत झाकण बंद करायचं नाही. सिलिकॉनची वाफ आत कोंडली तर पार्किंग स्विचच्या (पाती काचेच्या खाली आणून थांबवणाऱ्या स्विचच्या) पॉइंटवर ठिणगीने तिचा वाळूसारखा थर बनतो. मग मोटर दिसायला ठणठणीत असते, पण पाती काचेच्या मधोमध थांबतात. हा दोष शोधताना भलभलत्या तारा बदलल्या जातात.

हेडलॅम्पबद्दल थोडंच लिहितो. रिफ्लेक्टर फडक्याने पुसायचा नाही, आणि काळा पडला म्हणून क्रोमही करायचा नाही. क्रोम चमकतं, पण प्रकाश साधारण 65 टक्केच परत फेकतं. ॲल्युमिनियमचा थर 90 टक्क्यांच्या आसपास देतो. काच पुन्हा चिकटवताना इथेही खालची वाट मोकळी.

काका, एवढं शिकवायला तुम्ही कधी वेळ मोजला नाहीत. शटर खाली ओढायची वेळ झाली तरी उघडलेला डायनमो अर्धवट ठेवला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. पावसाळा संपला की वायपर मोटरींची झाकणं तुमच्यासमोरच उघडू. आत ओल दिसली तर आम्हाला रागवा.

आपले,
कुर्ल्याच्या गाड्या सांभाळणारे आम्ही सगळे