प्रायमाक्वीन देण्याआधी जी-६-पीडी तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले आणि त्यात आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले. विदर्भाला याची गरज होतीच. मात्र बोटाला सुई टोचून घेतलेल्या त्याच रक्तात तांबड्या पेशी फुटण्याचे दुसरे एक आनुवंशिक कारणही दडलेले असू शकते आणि त्याची नोंद सिकलसेलच्या कार्डावर होत नाही. ते कारण म्हणजे जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता.

ही कमतरता असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो. व्हायव्हॅक्स या प्रकारचा हिवताप (मलेरिया) झाला की त्याला प्रायमाक्वीन दिले जाते, आणि अडचण तेथे सुरू होते. या औषधाचा ताण सोसण्याची ताकद नसल्याने तांबड्या पेशी, विशेषतः जुन्या, झपाट्याने फुटू लागतात. दोन-तीन दिवसांत डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि हिमोग्लोबिन घसरते. हा संबंध १९५६ सालीच सिद्ध झालेला आहे. तरीही प्रायमाक्वीन नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही, कारण यकृतात लपून राहिलेले जंतू मारले नाहीत तर तोच ताप महिन्या-दोन महिन्यांनी उलटतो.

आपल्या देशाच्या उपचारपद्धतीत व्हायव्हॅक्ससाठी हे औषध १४ दिवस द्यायचे आहे आणि जी-६-पीडीची कमतरता असणाऱ्यांना ते वर्ज्य आहे. पण तपासणीच नसेल तर वर्ज्य कोणाला, हे आशाताईंनी ओळखायचे कसे? लघवी काळी झाल्यास गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे, ही सूचना शहरात पुरेशी ठरेल. पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, ते दिवस हिवतापाचेही असतात. त्या दिवसांत ‘लगेच’ कसे जायचे, हे पलीकडच्या गावातल्या मुलाच्या आईबापांना कोणी सांगू शकणार नाही.

गडचिरोलीतला बराचसा हिवताप फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रकारचा असतो आणि त्याला प्रायमाक्वीनचा एकच डोस लागतो, हे खरे. म्हणून व्हायव्हॅक्सचे रुग्ण दुर्लक्षित राहावेत, असे नाही.

तपासणी अवघड नाही. रक्ताचा थेंब द्रावणात मिसळून कागदावर ठिपका द्यायचा आणि अतिनील प्रकाशात पाहायचा. निरोगी रक्ताचा ठिपका चमकतो, कमतरता असल्यास चमकत नाही. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तर उरलेल्या तरुण पेशींमुळे निकाल फसवा येतो, म्हणून तपासणी आजारपणाआधी, सिकलसेलच्या शिबिरातच झालेली बरी. शिवाय हा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने, आणि स्त्रियांत ती दोन असल्याने, अर्धवट कमतरता असलेल्या स्त्रिया या तपासणीत सुटू शकतात. त्यांच्यासाठी एन्झाइमचे प्रमाण मोजणारे हातातले यंत्र निदान ग्रामीण रुग्णालयात तरी असावे.

कमतरता आढळलेल्या रुग्णासाठी जागतिक आरोग्य संघटनेने देखरेखीखाली आठवड्याला प्रायमाक्वीनचा एक डोस, असा आठ आठवड्यांचा पर्याय सुचवला आहे. तो कोणी द्यायचा आणि हिमोग्लोबिन कोणी पाहायचे, याचा लेखी आदेश प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचावा. धोक्याच्या खुणांची सूचना माडिया आणि गोंडीतही द्यावी. येत्या पावसाळ्याआधी भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांत सिकलसेलच्या कार्डावर जी-६-पीडीचा रकाना वाढवून ही सुरुवात करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ