तुझ्या आजोबांची दोन विमाने

चिखली, वास्को
दि. २० डिसेंबर

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या निवृत्तीचे पत्र येऊन दहा महिने झाले आणि मी दोन ओळींचेही उत्तर पाठवले नाही, याची मला मनापासून लाज वाटते. इकडे सर्व क्षेम आहे. डावा गुडघा दुखतो, तेवढेच. आज लिहायला बसलो ते एकाच गोष्टीसाठी, आणि ती तुझ्यावाचून कोणाला सांगण्यात अर्थ नाही. वसंता, तुझे आजोबा खरे बोलत होते.

१९८३ च्या डिसेंबरात दाबोळीच्या विमानतळावर नौदलाची सी हॅरियर विमाने आली, तेव्हा हवेत थांबून सरळ खाली उतरणारे विमान बघायला आपण शाळा बुडवून टेकडीवर गेलो होतो. बाबलची म्हैस आवाजाने उधळली आणि तिला शोधण्यातच आपली संध्याकाळ गेली. त्याच टेकडीवर तू म्हणालास की १९६१ साली दाबोळीवर बाँब पडले त्या रात्री दोन मोठी विमाने फुटक्या धावपट्टीवरून उडून गेली, असे आजोबा सांगतात. मी सगळ्या पोरांदेखत म्हणालो, ‘त्या रात्री आजोबांना फेणी जास्त झाली असेल.’ तू दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. ते योग्यच होते. पण आजोबांच्या कानावर ते गेले आणि त्यांनी माझ्यापुढे पुन्हा तो विषय काढला नाही, हे मला अधिक लागून राहिले आहे.

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी नौदलाच्या तळाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, म्हणून पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात काही दिवस बसलो. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली हातची गेली, भारताने नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगिजांना बाहेरच्या जगाशी जोडणारी हवाई वाट हवी झाली आणि १९५५ साली दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. तेथून त्यांची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात. पुढे १८ डिसेंबर १९६१ ची सकाळ. विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या बारा कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी काही मिनिटांत ६३,००० पौंड स्फोटके धावपट्टीवर टाकली, नंतर आणखी आठ कॅनबेरा आली. इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, आणि उभी असलेली दोन प्रवासी विमाने शाबूत हाती लागावीत म्हणून त्यांनाही कोणी हात लावला नाही. एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४. वसंता, हीच ती दोन. रात्री धावपट्टीचा काही भाग कसाबसा दुरुस्त करून, अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन दोन्ही विमाने फार थोड्या अंतरात उचलली गेली आणि कराचीला पोहोचली.

ते वाचल्यावर मी तडक बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेलो. तेथे आपल्या नौदलाचे सुपर कॉन्स्टेलेशन ठेवले आहे, त्या रात्रीच्याच जातीचे. चार इंजिने, शेपटीला तीन उभे पंख, आणि एवढे लांब की त्याच्या सावलीत आपला अख्खा वर्ग बसला असता. हे धूड अर्ध्या धावपट्टीवरून अंधारात उडाले, हे सांगणाऱ्या माणसाला मी खोटे ठरवले होते.

आता माझी काळजी सांगतो. पुस्तकात ‘धावपट्टी दुरुस्त केली’ एवढेच असते. कोणाच्या हातांनी केली, ते नसते. तुझ्या आजोबांनी तुला सांगितले होते की कंदिलाच्या उजेडात खडी टाकून खड्डे बुजवणाऱ्यांत तेही होते. दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, गोवा मुक्त झाला. मग मुक्तिदिनाच्या स्मरणिकेत मी लिहू का, की आपल्या गावच्या एका मजुराने पोर्तुगिजांची विमाने निसटायला मदत केली? लोक तसेच वाचतील, अशी मला भीती वाटते. समितीतील एकाने तर ‘ऐकीव गोष्टी नकोत’ म्हणून तो परिच्छेद खोडलाही. पण तू त्या दिवशी टेकडीवर आजोबांचे आणखी एक वाक्य सांगितले होतेस, ते मी हसण्यात घालवले: ‘आत पोरे रडत होती, ती मला ऐकू येत होती.’ ते वाक्य घातले तर वाचणाऱ्याला आजोबा कळतील, आणि ते गाळायचे असेल तर त्यांचा उल्लेखच करू नये, असे मला वाटते. तीन रात्री मी याच विचारात आहे.

बाकीचा इतिहास सोपा आहे. एप्रिल १९६२ मध्ये नौदलाने धावपट्टी ताब्यात घेतली आणि जून १९६४ मध्ये ‘हंसा’ ही नौदलाची हवाई छावणी येथे आली. ती ५ सप्टेंबर १९६१ रोजी कोइमतूरजवळ सुलूरला सुरू झाली होती, त्यामुळे ‘हंसा दाबोळीतच जन्मली’ हा तुझा हट्ट चुकीचा होता आणि त्या पैजेचे दोन सोडे तू मला अजून देणे आहेस. २०१६ च्या मे महिन्यात सी हॅरियर निवृत्त झाली, तेव्हा मी कुंपणाबाहेर उभा होतो आणि तुझी फार आठवण झाली. आता मिग-२९ के ही लढाऊ विमाने उडतात. त्यांचा आवाज आपल्या कौलांना सोसत नाही.

सुलभाच्या लग्नाला येतोच. वहिनींना नमस्कार.

मजकूर १५ जानेवारीला छापखान्यात जाईल. त्याआधी काकींना विचार, आजोबांनी त्या रात्रीबद्दल त्यांना काय सांगितले होते, बरोबर कोण होते, मजुरी मिळाली की नाही, आणि नाव घातलेले चालेल का. त्या नको म्हणाल्या तर मी एक अक्षर लिहिणार नाही. तुझे उत्तर येईपर्यंत ते पान मी कोरे ठेवले आहे.

तुझा,
दत्ता