दोन गल्ल्यांपलीकडची सुट्टी

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर मी "याला काय सुट्टी म्हणतात?" म्हणाले आणि तू "ठेवतो" एवढंच बोलून फोन ठेवलास. तेव्हापासून माझंच वाक्य मला टोचतंय. दोन गल्ल्यांपलीकडे रस्ता बंद करून चार दिवस उत्सव भरतो, संध्याकाळी चिऊला घेऊन तिथे रमायचं, रात्री आपल्याच अंथरुणात झोपायचं. यात वाईट ते काय? काहीच नाही. तुझे बाबा म्हणाले, "तुला गर्दीची धास्ती आहे, ते सरळ सांग की." तर सरळ सांगते. चिऊचा हात सोडू नकोस.

झालं, एवढंच लिहायचं होतं.

फक्त निघण्याआधी तिचा एक फोटो काढ. मूल हरवलं की त्याच्या अंगात काय होतं ते आईबापांना ऐनवेळी आठवत नाही. कॅज्युअल्टीत ड्यूटीवर असताना मी हे पाहिलंय. तिच्या मनगटावर पेनाने तुझा नंबर लिही. आणि तिला सांगून ठेव, बाबा दिसला नाही तर शोधत फिरायचं नाही, आहेस तिथेच उभं राहायचं.

दुपारी नेऊ नकोस. उन्हात डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि तिचं डोकं तुझ्यापेक्षा डांबराच्या जवळ असतं. अंग भाजायला लागलं, असंबद्ध बोलायला लागली, तर ताप ४० अंशांच्या वर गेला असं समजून आधी सावलीत ने, अंग ओलं कर, वारा घाल आणि रुग्णवाहिका बोलाव. लाउडस्पीकरसमोर उभं राहू नका. ८५ डेसिबल कान आठ तास सोसतो, १०० डेसिबल जेमतेम १५ मिनिटं. चौरस मीटरभर जागेत चार माणसं असली तरी वाट काढता येते, पाचाच्या वर गेली की पाय आपले राहत नाहीत, मागचा धक्का लाटेसारखा येतो. तसं वाटायला लागलं की तिला उचलून छातीशी धर, धक्का ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरक. धक्क्याच्या उलट जोर लावू नकोस. आणि हात...

बघ, पुन्हा ड्यूटीवर चढले. माफ कर. तू चाळिशीला आलास, तुला कळतं सगळं.

तू पाच वर्षांचा होतास. मी तुझा हात सोडला तो फक्त छत्री मिटायला, ती निळी. दांडी अडकली. मान वर केली तर तू नाहीस. वीस मिनिटं. (बाबा दहा म्हणतात. ते तेव्हा रांगेत होते, त्यांना काय कळणार!) मी तुझं नाव घेऊन ओरडत होते आणि बँडपुढे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. सापडलास मंचाखाली, एक चप्पल पायात, एक हातात. वर ड्रमवाल्याचा ठोका पडला की फळ्यांच्या फटीतून तुझ्या डोक्यावर धूळ गळायची आणि तू डोळे मिटून हसायचास. मी आधी धपाटा घातला, मग कवटाळलं. तू म्हणालास, "थांब ना, अजून संपलं नाहीये."

तुला ड्रम आठवतो, धपाटा आठवत नाही म्हणतोस. माझं नेमकं उलटं.

मागच्या वर्षी तू पाठवलेला फोटो मी शेजारी दोन-तीन घरांत दाखवला. रस्त्यावरच्या वायरींना कुणी अडखळू नये म्हणून गुडघ्यावर बसून रबरी पट्टी दाबतोयस तो. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तसल्या कामात तू असलास की मला बरं वाटतं. पण यंदाही तेच काम अंगावर घेतलंस, तर तेवढा वेळ चिऊ कुणापाशी?

नोकरीचं मला तुझ्या आत्याकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, मीही बाबांना सांगितलेलं नाही. पैशांसाठी बेत बदलला असशील तर तसं म्हण, नसशील तर हे वाचलंच नाहीस असं समज.

सोबत ती निळी छत्री पाठवतेय. चिऊला रंग आवडेल. दांडी अजूनही अडकते, मिटताना दोन्ही हात लागतात. तेव्हा आधी तिला कुणाच्या तरी हाती दे, मग मीट.

तुझी,
आई