दुसरा भाग होणार नाही

नागपूर,
तान्ह्या पोळ्यानंतरचा रविवार

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप आईच्या फोनवर आला. ते रील दोन लाखांवर वेळा पाहिले गेले असून लोक आता त्याचा दुसरा भाग मागत आहेत, तेव्हा बाबांना फक्त पुन्हा एकदा टीव्हीसमोर बसव, बाकीचे मी सांगते तसे कर, असे तू तिला कळवले आहेस. माझ्याविषयीचे निर्णय माझ्या पाठीमागे घेण्याची या घराची रीत जुनी आहे, त्यामुळे त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. उत्तर मात्र मी स्वतः आणि कागदावर देत आहे, कारण फोनवर बोलू लागलो की तुम्ही दोघी हसत सुटता आणि माझा मुद्दा अर्ध्यावर लटकतो.

प्रथम घडले ते नीट नोंदवून ठेवतो. मे महिन्याची रात्र, साडेआठचा सुमार, कूलर पूर्ण वेगात असूनही घामाच्या धारा, मी बनियन-पायजम्यात, मांडीवर टरबुजाच्या फोडींची ताटली आणि समोर तुझ्या आईची मालिका. मालिकेतील सासू शेवटच्या घटका मोजत होती. त्या ती तीन आठवड्यांपासून मोजत होती आणि मोजणीत कुठेतरी चूक होत असावी असा माझा संशय होता. अशा प्रसंगी सुनेने तिचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणले, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीनदा धावून गेला, आणि ती म्हणाली, ‘‘आई, मी तुमची मदत करेन.’’ ज्या माणसाने चौतीस वर्षे एका दैनिकाच्या रात्रपाळीत इतरांच्या वेलांट्या आणि उकार सरळ करण्यात घालवली, त्याने हे ऐकून शांत बसावे अशी अपेक्षा करणे अमानुष आहे. मी ताडकन उठलो, टरबूज सतरंजीवर गेले, आणि मी टीव्हीला म्हणालो, ‘‘तुमची नाही, तुम्हाला! ‘तुम्हाला मदत करीन’ म्हण! मरतानाही बाईला धड मराठी ऐकू देऊन नाही राहिले बाप्पा!’’

तू मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस हे मला माहीत नव्हते, आणि तुझ्या हातात फोन होता हे तर मुळीच नव्हते.

पुढचे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मात्र खालच्या कमेंट्स मी एकूण एक वाचल्या आहेत हे तुला बहुधा माहीत नसेल. ‘‘काका, ‘देऊन नाही राहिले’ हे कोणत्या व्याकरणात बसते?’’ हा प्रश्न कुणा पुणेकराने विचारला आहे आणि त्याला नऊशे लोकांनी आवडता अंगठा दिला आहे. प्रश्न रास्त आहे. सूनबाईंचे ‘तुमची मदत’ हिंदीतून आले म्हणून मी संतापलो, आणि संतापताना माझ्या तोंडून जे निघाले तेही हिंदीच्या शेजाराचेच देणे होते. आपले शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, दोन्ही भाषा एकाच ओसरीवर वाढल्या, त्यामुळे आपल्याकडे माणूस काम करत नाही, करून राहतो. मी त्या गृहस्थाला असे उत्तर लिहिणार होतो की, ‘करून राहिलो’ माझ्या आजीच्या तोंडात होते आणि ‘तुमची मदत’ हे कुणीतरी रोजचा भाग रोज लिहून देण्याच्या घाईत जन्माला घातले आहे. लिहिले नाही. आजीचा दाखला देऊन व्याकरणाचा वाद जिंकता येत नाही, हे मीच अनेक वार्ताहरांना ऐकवलेले आहे.

लिहिणाऱ्यांच्या घाईबद्दल मला थोडी कणवही आहे. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली तेव्हा तू पहिलीत होतीस, आणि २०१३ मध्ये ती संपली तेव्हा बारावीच्या परीक्षेला बसत होतीस. भाग झाले तीन हजारांवर. चार दिवसांचा एवढा विस्तार करायचा म्हटल्यावर ह्रस्व-दीर्घ पाहायला सवड कुणाला मिळणार?

असो. तुझ्या दुसऱ्या भागाचा प्रयोग आम्ही केला, हे आईने तुला सांगितले नसावे. पंधरा दिवसांपूर्वी तिने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून टीव्हीशेजारी उभा केला, वर ताटाखालचे फडके टाकून फक्त कॅमेऱ्याचा डोळा मोकळा ठेवला आणि मला न सांगता मालिका लावली. टीव्हीशेजारी मसाल्याचा डबा पाहून माणसाला काय समजायचे ते समजते. थोड्या वेळाने सूनबाई कुणाला तरी ‘‘तो मला ओरडला’’ म्हणाली. चूक उत्तम होती; एरवी मी पेटलो असतो. पण मी आधी डब्याकडे पाहिले, मग बनियन खाली ओढले, मग म्हणालो, ‘‘ताई, ‘तो माझ्यावर ओरडला’ असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.’’ आई आतून म्हणाली, ‘‘जरा रागाने म्हणा ना, मागच्यासारखे.’’ मी पुन्हा म्हणालो. चौथ्या वेळेपर्यंत माझा आवाज आकाशवाणीच्या वृत्तनिवेदकासारखा झाला होता आणि तुझी आई हसण्याऐवजी जांभई देत होती. टरबूजही नव्हते, श्रावण संपत आला होता, म्हणून तिने सफरचंद कापले होते. सफरचंद सांडून कुणाला हसू येत नाही.

तेव्हापासून मी या विषयाचा थोडा विचार केला आहे. अमेरिकेत १९५०च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हशाचे एक यंत्र तयार केले होते. त्यात वेगवेगळी हास्ये साठवलेली असत आणि कळ दाबली की कार्यक्रमात हवे तिथे हवे तेवढे हसू भरता येई. प्रेक्षकांनी कुठे हसायचे हे ठरवून देण्याची ती सोय होती. आपल्याकडील विनोदी कार्यक्रमांत परीक्षकांना खुर्चीवरून घसरेपर्यंत हसताना दाखवतात, तीही त्याच कुळातली सोय आहे, फक्त यंत्राच्या जागी माणसे बसवली आहेत. माझ्या त्या फजितीत मात्र कुणीही कळ दाबलेली नव्हती. मी हसवायला उठलोच नव्हतो, मी प्रूफ तपासायला उठलो होतो.

घरगुती फजितीच्या चित्रफिती दाखवण्याचा उद्योग इंटरनेटच्या आधीचा आहे. अमेरिकेत ‘अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज’ हा कार्यक्रम १९९० पासून चालू आहे आणि त्याची मूळ कल्पना एका जपानी कार्यक्रमातली होती. त्यात लोक आपापल्या घरातले पडणे, धडपडणे, केक तोंडावर येणे वगैरे पाठवत आणि सर्वांत चांगल्या फजितीला दहा हजार डॉलरचे बक्षीस असे. आता दहा हजार डॉलर मिळणार म्हटल्यावर काही घरांत केक आपोआप तोंडावर येणे कमी झाले असेल, अशी शंका मला येते. उलट यूट्यूबवर सर्वांत पहिली चढवलेली चित्रफीत पाहा: २३ एप्रिल २००५, एकोणीस सेकंद, संस्थापकांपैकी एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा फार लांब आहेत एवढेच सांगतो. त्यात काहीही घडत नाही. त्या तरुणाला पुढे काय होणार याची गंधवार्ता नाही, म्हणूनच ती मला अजून पाहावीशी वाटते. आजच्या फॉरवर्डमध्ये नवरदेव घोड्यावरून पडतो तेव्हा कॅमेरा तो पडण्याच्या दोन सेकंद आधीच त्या जागेवर येऊन थांबलेला असतो. मुद्रितशोधकाच्या डोळ्याला हे लगेच खटकते.

तू म्हणशील, बाबा, तुमच्याच गावचा डॉली चायवाला रोज ठरवूनच करतो की. करतो, आणि मी त्याला नावे ठेवत नाही; सदरमधल्या त्याच्या टपरीवर मी स्वतः उभा राहून चहा प्यायलो आहे. रात्रीसुद्धा काळा चष्मा, अंगावर साखळ्या, आणि दूध हात उंच करून असे ओततो की समोरचा नकळत एक पाऊल मागे सरतो. चहा बरा असतो. आपल्या घरच्यापेक्षा गोड. तो नट आहे आणि रोज प्रयोग करतो. पण २०२४ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा घेतानाची चित्रफीत टाकली आणि साऱ्या जगाने ती पाहिली, तेव्हा मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आपण चहा कुणाला दिला हे त्याला नागपूरला परत आल्यावर कळले, असे त्याने नंतर सांगितले. हैदराबादेत कुणी विदेशी पाहुणे आहेत एवढेच समजून त्याने आपला नेहमीचा प्रयोग केला. आधी सांगितले असते तर त्याचाही हात माझ्यासारखा बनियन ओढायला गेला असता.

परवा मारबतीला, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला गेलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आजवर एकदाही चुकवलेली नाही, तू खांद्यावर असल्यापासून. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची, असे आपल्याकडे सांगतात. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते तेव्हा श्वास घ्यायला जागा नसते. पण लहानपणापासून माझा जीव मारबतींपेक्षा बडग्यांवर अधिक. बांबू, कागद आणि चिंध्यांचे ते पुतळे, कुणी महागाईचा, कुणी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा, कुणी एखाद्या पुढाऱ्याचा, गळ्यात खरमरीत मजकुराची पाटी, आणि मागे पोरांचा गलका, ‘‘घेऊन जा गे मारबत!’’ तुम्ही ज्याला मीम म्हणता ते आपण सव्वाशेहून अधिक वर्षांपासून खांद्यावर मिरवतो आहोत. पाट्यांवरचे शुद्धलेखन मात्र मीमपेक्षाही वाईट असते, आणि त्या एकाच दिवशी मी ते माफ करतो.

त्या गर्दीत एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने माझ्याकडे निरखून पाहिले आणि मित्राला कोपराने ढोसले. ‘‘अबे, हे तर टरबूजवाले काका!’’ मग दोघे मोठ्या अदबीने जवळ आले आणि म्हणाले, ‘‘काका, गर्दी आहे. तुमची मदत करू का?’’ मी दोन्ही मुलांचे कौतुक केले आणि घरी येईपर्यंत मनात चरफडत राहिलो. बडग्याची चेष्टा दिवसभर होते, मग त्याला शहराबाहेर नेऊन जाळतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाला त्याची आठवण राहत नाही. माझा बडग्या मात्र मे महिन्यापासून जळतच नाही, आणि वर तुला त्याच्या शेजारी दुसरा उभा करायचा आहे.

रामायण मालिकेची गोष्ट तू माझ्याकडून वीसदा तरी ऐकली आहेस. १९८७ साल, रविवारी सकाळी साडेनऊ, महाल भागातला आपला जुना वाडा, एकाच घरी टीव्ही आणि त्याच्यासमोर उदबत्ती लावून बसलेली चाळीस माणसे. मारुतीने समुद्रावर उड्डाण केले आणि नेमके तेव्हाच चित्र जाऊन ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी आली. चित्र परतले तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती, आणि कोपऱ्यातल्या सोवळ्यातल्या आजींनी कापऱ्या आवाजात विचारले, ‘‘पोचला का रे तो, की पडला?’’ आता कबूल करतो की, पहिल्यांदा मी ही गोष्ट सांगितली तेव्हा आजी फक्त ‘‘पोचला का’’ एवढेच म्हणाल्या होत्या. ‘की पडला’ हे मी नंतर घातले, आणि कापरा आवाजही. त्या वेळी कुणाच्या हातात कॅमेरा नव्हता म्हणून आजी दरवर्षी थोड्या अधिक विनोदी होत गेल्या. माझ्या रीलमधला मी मात्र तेवढाच राहणार आहे, तीच बनियन, तेच ‘देऊन नाही राहिले’. छापखान्याच्या भाषेत सांगायचे तर अंक मशीनवर चढल्यावर प्रूफ माझ्यापुढे आले आहे.

म्हणून दुसरा भाग होणार नाही. पहिला काढून टाक असे मी सांगत नाही; तुझी आई तो रोज एकदा पाहते आणि प्रत्येक वेळी तिला तेवढेच हसू येते, हे या वयात मला नाकारता येत नाही. दिवाळीला येशील तेव्हा साडेआठला माझ्या शेजारी येऊन बस, फोन चार्जिंगला लावून. सध्या सासू शुद्धीवर आली आहे, पण तिची स्मृती गेली आहे.

थंडी पडू लागली की संत्री पाठवतो. जपून राहा.

तुझा,
बाबा

ता. क. : रीलवर तू ‘भाषाप्रेमि काका’ असे लिहिले आहेस. दोन लाख लोकांनी ते तसेच वाचले आहे. बनियनचे एक वेळ राहू दे, ती वेलांटी आजच्या आज दीर्घ कर.